भावाच्या क्लेमचे पैसे वकिलाकडेच राहिले, आता काय?

भाऊ, तुमचं सगळं दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. यांचे मोठे भाऊ अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोडवर मोटरसायकलवरून येताना ट्रकखाली गेले, मागे वहिनी, दोन लहान पोरं आणि म्हातारी आई. क्लेमची, म्हणजे अपघाताच्या भरपाईची, केस लोकअदालतीत १४ लाख ५० हजारांवर मिटली, त्यात वहिनींचे ७ लाख, पोरांची ३-३ लाखांची एफडी आणि आईचे दीड लाख असं ठरलं. वकिलाने त्या दिवशी आणि नंतरही बऱ्याच कागदांवर सह्या-अंगठे घेतले, दिवाळीच्या तोंडावर घरी येऊन ३ लाख रोख ठेवले, आणि बाकीच्यांचं विचारलं की "कंपनी हायकोर्टात गेलीये, पैसे तिकडे अडकलेत" असं सांगत दीड वर्ष काढलं. आता फोन उचलत नाही, ऑफिसला गेलं की कारकून म्हणतो साहेब संभाजीनगरला गेलेत. एफडीच्या पावत्याही त्याच्याच कपाटात. तुम्ही विचारता, याची सनद (वकिलीचा परवाना) जाईल का आणि आमचे पैसे मिळतील का.

सनद जाऊ शकते. पैसेही मिळू शकतात. पण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि लोक इथेच फसतात, बार कौन्सिलला (वकिलांना सनद देणारी संस्था) अर्ज टाकून घरी बसतात की आता पैसे येतील, आणि तिथून पैसे येतच नसतात. मी जळगाव-धुळे भागात २६ वर्षं वकिली करतोय, त्यातला निम्मा काळ क्लेमच्याच केसेस केल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी स्वतः वकील आहे तेव्हा कुठे वकिलांची बाजू घेतल्यासारखं वाटलं तर तेवढं वजा करून वाचा.

आधी ते हायकोर्टाचं. लोकअदालतीत तडजोडीने मिटलेल्या केसला अपीलच नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ मध्ये सरळ लिहिलंय की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, सगळ्यांवर बंधनकारक, आणि त्यावर कुठल्याच कोर्टात अपील नाही. विमा कंपनीने स्वतः आकडा कबूल करून सही केलेली असते, ती कशाला हायकोर्टात जाईल. अगदी क्वचित फसवणूक वगैरे झाली म्हणून कुणी रिट करतं, पण तसं असतं तर वहिनींच्या नावाने नोटीस आली असती. तेव्हा एवढ्या एका वाक्यावरून मला तरी वाटतं की पैसे कोर्टात येऊन कधीच वाटप झालेत. पण मला वाटणं आणि कागदावर दिसणं यात फरक आहे, म्हणून कागद काढा.

कुठला कागद? ज्या कोर्टात केस होती तिथे नक्कल विभागात अर्ज द्यायचा, वहिनींच्या नावाने, त्या पक्षकार आहेत, त्यांना कुणा वकिलाची गरज नाही. केस नंबर नसेल तर ईकोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधा, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मिळतो. काय मागायचं ते नीट लिहा: तडजोडीची पुरसीस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन), लोकअदालतीचा निवाडा, सगळा रोजनामा (कोणत्या तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद), आणि निवाड्यानंतर पैसे काढायला दिलेले सगळे अर्ज आणि त्यावरचे आदेश. लोक फक्त निवाडा काढून आणतात, त्यात नुसता आकडा असतो. खरी गोष्ट रोजनाम्याच्या शेवटच्या दोन पानांत असते, कंपनीने कधी रक्कम भरली, अर्ज कुणी दिला, आदेश कधी झाला. मग नाझर विभागात (कोर्टाच्या पैशांचा हिशोब ठेवणारा विभाग) विचारायचं की पेमेंट कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेलं.

आता खात्याची गोष्ट जरा थांबून सांगतो कारण हल्ली सगळा खेळ तिथेच होतो. पूर्वी वकील स्वतः पैसे काढून आणायचे, वकीलपत्राच्या छापील फॉर्मातच ओळ असते की "पैसे भरणे, काढणे, पावती देणे" याचा अधिकार, ती कुणी वाचत नाही. आता कोर्टं रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात टाकतात, मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ट्रिब्युनल्सना (अपघाताचे क्लेम चालवणारी कोर्टं) तेच सांगितलं. त्यामुळे कोर्टाच्या दारात गडबड करणं अवघड झालंय, म्हणून ती पुढे सरकून बँकेत गेली.

काही वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, मुलगा ट्रॅक्टरखाली गेलेला, त्यांचा वकील वेगळा. ओसरीवर बसल्या आणि पहिलंच वाक्य, "भाऊ, मना पैसा कथा गयात?" मी फाईल काढली तर पैसे आजींच्याच नावाच्या खात्यात गेलेले. आजी म्हणतात माझं खातं तर गावातल्या बँकेत आहे, त्यात काही नाही. हे दुसरंच खातं निघालं, गावापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या शाखेत, केस चालू असताना "कोर्टाला लागतं" म्हणून उघडून घेतलेलं. फोटो आजींचा, अंगठा आजींचा, आधार आजींचं. आणि मोबाईल नंबर वकिलाच्या कारकुनाचा. पैसे आल्याचा मेसेज त्याला गेला, चेकबुक त्याच्याकडे आलं, आणि खातं उघडलं त्याच दिवशी चार-पाच विड्रॉल स्लिपांवर आजींचे अंगठे घेऊन ठेवलेले. रक्कम जमा झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवसांत खातं साफ. कागदावर बघितलं तर सगळं कायदेशीर, आजींनीच पैसे काढले! मॅनेजरसमोर आजींना बसवलं आणि विचारलं की तुम्ही या शाखेत कितीदा आल्या, आजी म्हणे एकदा, आणि मॅनेजर स्लिपांवरच्या तारखा बघत बसला.

म्हणून वहिनींना घेऊन बँकेत जा आणि तीन गोष्टी मागा, त्या खात्याचं पूर्ण स्टेटमेंट, खातं उघडण्याचा फॉर्म आणि ज्या चेक किंवा स्लिपांवर पैसे निघाले त्यांच्या कॉपी. फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा आहे ते आधी बघा. स्वतःच्या खात्याचे कागद मागायला वहिनींना कुणाची परवानगी लागत नाही, तोंडी टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आईंच्या दीड लाखाचंही असंच, त्यांचं खातं कुठलं दाखवलंय ते बघा.

पोरांच्या एफडीचं मला त्यामानाने टेन्शन कमी वाटतं. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांची आणि अशिक्षित दावेदारांची रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवा हे सुप्रीम कोर्टाने १९९० च्या दशकातच सांगितलंय, ट्रिब्युनल कोर्टं तेव्हापासून पाळतात, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय बँक ती मोडत नाही. पावती वकिलाकडे असली तरी पैसा बँकेत असतो. पण मध्येच "पोरांच्या शिक्षणासाठी" म्हणून एफडी मोडायचा अर्ज कोर्टात दिला गेलाय का तेवढं रोजनाम्यात बघाच, कारण असे अर्ज होतात, खरेही होतात आणि खोटेही.

कागद हातात आले की वकिलाला स्पीड पोस्टाने लेखी हिशोब मागा. शिव्या नको, धमकी नको, एक साधं पत्र. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे वकिलांच्या वागणुकीचे नियम आहेत, त्यात अशिलाबद्दलच्या कर्तव्यांचा भाग वेगळा आहे आणि पैशांचे नियम २५ ते ३० च्या आसपास एका जागी आहेत. अशिलाच्या पैशांचा हिशोब ठेवायचा, कोणती रक्कम फी म्हणून आली आणि कोणती खर्चासाठी ते लिहायचं, अशिलाच्या वतीने रक्कम मिळाली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचं, आणि अशिलाने मागितली की हिशोबाची नक्कल द्यायची, कॉपीचा खर्च घेऊन. नियम ३१ असाही आहे की हातातला अशिलाचा पैसा उसना म्हणून वापरायचा नाही. तुमच्या पत्रात फक्त एवढं लिहा की अमुक तारखेला अमुक रक्कम खात्यात आली, अमुक तारखेला निघाली, नियमाप्रमाणे हिशोब १५ दिवसांत द्या. उत्तर आलं तरी चांगलं, नाही आलं तरी चांगलं, गप्प बसणं पुढे त्याच्याच अंगाशी येतं.

उत्तर आलं तर काय येणार तेही सांगतो. तो म्हणणार फी ठरली होती, चाळीस टक्के, खर्च वेगळा. आपल्याकडे क्लेममध्ये टक्केवारी इतकी रुळलीये की लोकांना तो कायदाच वाटतो, पाडळसे, हतनूर, अक्कलपाडा कुठल्याही धरणाच्या वाढीव मोबदल्याच्या केसवाल्याला विचारा, टक्का आधी सांगेल आणि केस नंबर नंतर. पण नियम २० प्रमाणे निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मनाई आहे. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१७ चा निकाल तर बरोबर अशाच केसवर आहे. तेलंगणातली बाई, नवरा १९९८ मध्ये अपघातात गेलेला, क्लेम मिळाल्यावर वकिलाने १० लाख फी घेतली आणि वर ३ लाखांचा चेक लिहून घेतला. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक वटला नाही तर वकिलाने त्या बाईवरच १३८ ची (चेक न वटल्याची फौजदारी) केस टाकली. सुप्रीम कोर्टाने ती केस रद्द केली आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा "आम्हीच कबूल केलं होतं, आता कुठल्या तोंडाने बोलायचं" हे मनातून काढा. वहिनींनी चाळीस टक्क्याच्या कागदावर अंगठा दिला असेल तरी तो कागद त्याच्याच विरुद्ध पुरावा आहे.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. वकिलाने चार-पाच वर्षं केस चालवली, तर त्याची फी आहेच, आणि ठरलेली रकमी फी बाकी असेल तर केस संपल्यावर हातात आलेल्या रकमेतून ती वळती करायला नियम २८ त्याला मुभा देतो. फी ठरलीच नसेल तर कोर्टाच्या नियमाने जी बसते ती कापून बाकी परत द्यायची, हे नियम २९. म्हणजे १०० टक्के रक्कम परत पाहिजे असं धरून भांडू नका, मागायचा तो हिशोब. खरी फी किती धरायची याच्यावर वाद होईल तो होऊ दे. ७ लाखातले ४ लाख न सांगता गायब करणं ही फी होत नाही.

आणि सगळेच वकील चोर असतात असंही नाही, बऱ्याच तक्रारी नुसत्या गबाळेपणातून येतात, मी त्यातलाच होतो. प्रॅक्टिसच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका पार्टीचे १८,५०० रुपये माझ्या खात्यात आले, समोरच्याने तडजोडीचा शेवटचा हप्ता माझ्या नावाने चेकने दिला होता. त्या आठवड्यात घरात लग्न, नंतर सुट्टीचं कोर्ट, मी विसरलो. अक्षरशः विसरलो. पाच महिन्यांनी ते गृहस्थ यावलहून आले, काही बोलले नाहीत, केळीचा एक घड टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, समोरच्याने हप्ता दिला नाही वाटतं?" मला त्या दिवशी जे वाटलं ते सांगता येणार नाही. मी तिथल्या तिथे चेक लिहून दिला पण माझ्या सिनियरांना कळलं तेव्हा त्यांनी मला अर्धा तास उभं ठेवलं आणि म्हणाले, तू खाल्ले नाहीस हे तुला माहिती, कौन्सिलला काय माहिती? त्या दिवसापासून माझ्याकडे एक लाल वही आहे, प्रत्येक पार्टीचं एक पान, आलेला रुपया त्याच दिवशी लिहायचा आणि पार्टीला मेसेज करायचा. अमेरिकेत याची सक्तीच आहे, तिथे अशिलाचा पैसा वकिलाने स्वतःच्या पैशात मिसळायचाच नसतो, वेगळं ट्रस्ट अकाउंट लागतं, नुसता मिसळला तरी शिस्तभंग होतो, आणि न्यू जर्सी राज्यात तर १९७९ च्या एका निकालापासून जाणूनबुजून अशिलाचा पैसा वापरला की सनद जवळजवळ गेलीच असं धोरण आहे. आपल्याकडे हिशोब ठेवा एवढंच लिहिलंय, वेगळं खातं ठेवा असं नाही, आणि माझ्या मते अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात.

बरं, आता बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१, कलम ३५. तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई इथे करायची, जिल्ह्याच्या वकील संघाकडे नाही. वकील संघाचे अध्यक्ष चहा पाजतील, समजूत काढतील, पण सनदेला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. तक्रार वहिनींच्या सहीने, प्रतिज्ञेसह, मराठीत चालते, सोबत ठरलेली फी आणि प्रती, किती ते कौन्सिलच्या ऑफिसला फोन करून विचारा. लिहिताना भावनेत वाहून जाऊ नका. मी बघितलेल्या तक्रारींमध्ये सात पानं वकिलाच्या नवीन गाडीवर आणि बंगल्यावर असतात आणि रक्कम कोणत्या तारखेला निघाली ते कुठेच नसतं. तारीख, रक्कम, कागद, तारीख, रक्कम, कागद, असं दोन पानांत बसवा.

कौन्सिलला वाटलं की यात तथ्य आहे तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं, समिती तीन जणांची असते. वकिलाला नोटीस जाते, पुरावा होतो, उलटतपासणी होते, साक्षीदाराला समन्स काढायला आणि कागद मागवायला समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. वहिनींना मुंबईला जावं लागेल, दोन-तीनदा तरी, याची तयारी ठेवा. गैरवर्तन सिद्ध करायचं प्रमाण कडक असतं, साध्या दिवाणी दाव्यासारखं "बहुतेक असंच झालं असेल" एवढ्यावर भागत नाही, म्हणून मी कागद कागद करतोय. शेवटी समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा वकिलाचं नाव कायमचं काढून टाकू शकते. बघा, या चारांत पैसे परत द्यायचा हुकूम कुठेच नाही.

वेळेचं म्हणाल तर कायदा म्हणतो एक वर्षात निकाल लावा, कलम ३६ ब, नाही लागला तर प्रकरण आपोआप दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. प्रत्यक्षात खूप प्रकरणं अशीच दिल्लीला जातात, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की तिकडे आलेली प्रकरणंही वर्षभरात संपवा. समितीच्या हुकमावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि त्यावर पुन्हा ६० दिवसांत सुप्रीम कोर्टात.

आणि किती रक्कम असली म्हणजे सनद जाते हे मला नेहमी विचारतात. रक्कम बघतच नाहीत. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीची केस आहे, निकाल २००२ चा, न्यायमूर्ती के. टी. थॉमस. भूसंपादनाचा मोबदला कोर्टात जमा झालेला, ८,११८ रुपये. वकिलाने सप्टेंबर १९८७ मध्ये तो काढला आणि अशिलाला, म्हाताऱ्या निरक्षर माणसाला, सांगितलंच नाही. तक्रार झाल्यावर वकिलाने अशिलाच्या नावाचं प्रतिज्ञापत्र हजर केलं की आमचं मिटलंय, ते खोटं निघालं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ३ वर्षं सनद निलंबित केली. गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच संपलं असतं, पण हा पठ्ठ्या शिक्षा जास्त झाली म्हणून सुप्रीम कोर्टात गेला, आणि कोर्टाने उलट त्यालाच विचारलं की शिक्षा वाढवू का नये, आणि नावच काढून टाकलं. अशिलाचा पैसा खाणं हे वकिलाच्या गैरवर्तनातलं सगळ्यात गंभीर, असं त्या निकालात आहे. आठ हजार एकशे अठरा रुपये!

त्या खोट्या प्रतिज्ञापत्रावरून पुढचं आठवलं, आणि भाऊ हे नीट वाचा, कारण तुमच्याकडे हे होणार आहे. नोटीस गेली की आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी घरी येईल. गावचाच कुणी आबा-नाना, नाहीतर तुमच्या सासरकडचा माणूस. "वकीलसाहेबांचं चुकलं, पोराबाळांचा माणूस आहे, मिटवून टाका." मिटवायला माझी हरकत नाही, वहिनींना पैसे मिळाले पाहिजेत हेच आधी. पण पैसे खात्यावर एनईएफटीने किंवा डीडीने आधी, कागद नंतर. पुढच्या तारखेचा चेक घेऊन "तक्रार गैरसमजातून केली होती" असं ॲफिडेव्हिट कुणी मागितलं तर देऊ नका. पैसे मिळाल्याची पावती द्यायची, त्यात किती मिळाले आणि किती बाकी तेवढंच. खोटं काही लिहून दिलं तर उद्या समितीसमोर वहिनीच खोट्या पडतील. आणि गंमत अशी की तुम्ही मिटवलं, तक्रार मागे घेतली, तरी नुसत्या तेवढ्यावरून चौकशी बंद करायची नाही असा नियमच आहे. म्हणजे वकिलाला जे पाहिजे ते तुमच्या हातात नाहीच, हे त्या आबा-नानांना शांतपणे सांगा.

चेक घेतलाच आणि वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्याला द्यायचे, त्यानंतर महिन्याभरात १३८ ची फिर्याद. यात दिवस चुकले की हात चोळत बसावं लागतं.

पैसे वसूल करायचे रस्ते आता. पहिला त्याच ट्रिब्युनल कोर्टात अर्ज, सगळे कागद लावून, की आमच्या नावाने निघालेली रक्कम आम्हाला मिळाली नाही, चौकशी करा. आमच्या अनुभवात याचा परिणाम सगळ्यात लवकर होतो, वकिलाला रोज ज्या जजसमोर उभं राहायचंय त्यांच्याच टेबलावर तो अर्ज असतो. दुसरा पोलीस. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची ४०६, ४०९, ४२० ही (विश्वासाने दिलेल्या पैशाचा अपहार आणि फसवणूक यांची) कलमं, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१६ आणि ३१८. यात एजंट किंवा मुखत्यार या नात्याने हातात आलेल्या पैशाचा अपहार केला तर शिक्षा जास्त कडक आहे. ठाण्यात "हा तुमचा आपसातला वाद" म्हणतील, तेव्हा एसपींना लेखी अर्ज आणि तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. तिसरा दिवाणी दावा, हिशोबाचा आणि वसुलीचा, साधारण ३ वर्षांच्या मुदतीत टाकायचा, तुमचं दीड वर्ष गेलंय. ग्राहक मंचात जाऊ नका, १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक कायद्यात बसत नाही. अजूनही लोक तिकडे वर्ष घालवतात, आणि त्यांना पाठवणारेही असतात!

तुमच्या तालुक्यातला कुणी वकील ही केस घेणार नाही असं तुम्ही लिहिलंय. खरंय ते, रोज एका बाररूममध्ये बसायचं असतं, मीही माझ्याच बारच्या माणसाविरुद्ध लगेच हो म्हटलं नसतं, खोटं कशाला बोलू. धुळ्याचा, नंदुरबारचा, नाशिकचा वकील बघा. किंवा सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कलम १२ मध्ये आहे, वहिनी आणि आई दोघींना. १५१०० हा त्यांचा हेल्पलाईन नंबर.

अजून एक, जुना वकील फाईल देत नाही, आधी फी द्या म्हणतो असंही शेवटी लिहिलंय तुम्ही. फी बाकी आहे म्हणून फाईल अडकवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय. पण त्या फाईलसाठी त्याच्या दारात चकरा मारू नका, कोर्टाच्या नकला निघाल्या की त्याच्या फाईलची फारशी गरज उरत नाही, आणि त्याच्या ऑफिसात एकट्या वहिनींना तर अजिबात पाठवू नका, तिथे अजून एखादा अंगठा जाईल.

सोमवारी नकलेचा अर्ज द्यायला जाल तेव्हा वहिनींचं आधार आणि निवाड्याची जी काय झेरॉक्स असेल ती न्या, सकाळी अकराच्या आत पोहोचा, दुपारनंतर त्या खिडकीवर गर्दी होते. रोजनाम्याची नक्कल हातात आली की तारखा इथे टाका, वकिलाचं नाव टाकू नका, मी बघून सांगतो पहिला अर्ज कुठे द्यायचा ते.